पाऊण नवरा

वजन नवऱ्यात मोजणारी बाई साऱ्या मुंबईत एकच असेल, आणि ती काळाचौकीला आमच्या व्यायामशाळेत सकाळच्या लेडीज बॅचला येते. बाकीच्या बायका बारवरच्या प्लेटा मोजून तीस किलो, चाळीस किलो असं म्हणतात. ही बाई बार खाली ठेवते, कमरेची ओढणी आवळते आणि साऱ्या बॅचला ऐकू जाईल असं जाहीर करते, "चला, अर्धा नवरा झाला." पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा कोपऱ्यात होते. हसायचं की नाही ते कळेना, म्हणून खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मागून मास्तरांचा आवाज आला, "सिस्टर, पाऊण कधी?" आणि यांचं उत्तर, "दिवाळीच्या आत. तुम्ही प्लेटा शोधून ठेवा, मास्तर."

त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं नर्सची नोकरी झाली. रिटायर झाल्या तरी पदवी गेली नाही. भाजीवाला सिस्टर म्हणतो, चाळीतले म्हातारे सिस्टर म्हणतात, खुद्द त्यांचे मिस्टरसुद्धा बोलता येत होतं तोवर सिस्टर अशीच हाक मारायचे. मिस्टर बसचे ड्रायव्हर होते. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही बरंचसं गेलं. उरलं ते चौऱ्याहत्तर किलो वजन. तळमजल्यावरची खोली, खिडकीशी पलंग, शेजारी चाकांची खुर्ची. रोज सकाळी शेजारचे दोघे जण कामावर जायच्या आधी येऊन त्यांना पलंगावरून खुर्चीत ठेवायचे आणि संध्याकाळी परत पलंगावर. ज्या दिवशी त्या दोघांना लवकर निघावं लागे, त्या दिवशी मिस्टर दिवसभर पलंगावर. उचलताना ते डोळे मिटून घेत. दुखायचं म्हणून नाही. चाळीस माणसांची बस चालवलेल्या माणसाला दोघांनी काखेत हात घालून उचलावं, हे त्यांना बघवत नव्हतं.

मुलगा नाशिकला असतो. त्याचं म्हणणं, बाबांना आमच्याकडच्या शुश्रूषा केंद्रात ठेवू, तिथे उचलायला माणसं असतात, आईची पाठ तरी वाचेल. तो वाईट बोलत नव्हता. सिस्टरनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, "सहा महिने दे. मी उचलते." वय एकसष्ट, उंची माझ्या खांद्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पंजाबी ड्रेस आणि मुलाचे जुने बूट घालून व्यायामशाळेच्या दारात उभ्या राहिल्या, मास्तरांना जयभीम केला आणि म्हणाल्या, "मला एकच माणूस उचलायचाय. किती दिवस लागतील?"

मास्तर भला माणूस. म्हणाले, "सिस्टर, पेशंट उचलायची युक्ती असते. जोर लागत नाही." सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, ती युक्ती मी शंभर पोरींना शिकवलीय. युक्तीच्या खालीसुद्धा दोन पाय लागतात. माझे पाय रिटायर झालेत."

त्यांचं सगळंच वॉर्डातल्यासारखं. बारला हात लावायच्या आधी हात धुणार. पाण्याच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिणार. बॅचमधली कोणी धापा टाकत बसली की जवळ जाऊन, न विचारता तिचं मनगट धरणार आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहणार. माझं त्यांनी पहिल्याच आठवड्यात धरलं. "एकशे अठ्ठावीस," म्हणाल्या, "आणि घाबरतेस कशाला? मी काय इंजेक्शन देतेय?" मी तोवर त्या जागेत कोणाशी बोलले नव्हते. त्यानंतर बोलायला लागले असं नाही, पण मनगट मात्र आपण होऊन पुढे करायला लागले.

मिस्टरांचं वजन करायची त्यांची पद्धत तर लालबागला अजून सांगतात. उभं राहता न येणाऱ्या माणसाचं वजन घरच्या काट्यावर होत नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या मिस्टरांना खुर्चीसकट ढकलत लालबागच्या मिरची गल्लीत न्यायच्या. त्यांच्या नेहमीच्या दुकानात मिरचीच्या गोण्या मोजायचा जमिनीलगतचा मोठा काटा आहे. शेठ एक गोणी उतरवायला सांगायचा आणि त्या जागी मिस्टर चढायचे. आजूबाजूला संकेश्वरी आणि बेडगीचा लाल धुरळा, मिस्टर सटासट शिंकतायत, काटा हलतोय, आणि सिस्टर ओरडतायत, "शिंक थांबवा, आकडा दिसत नाही!" मग खुर्चीचे अठरा किलो वजा करून आकडा तिथल्या तिथे फोनमध्ये. येताना पाव किलो मिरची घ्यायच्याच, कारण फुकट काटा वापरणं त्यांना बरोबर वाटत नसे.

हा फोनमधला आकडा पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून त्या फोनविषयी सांगते. सुरुवातीला त्यांची वही होती. उभ्याआडव्या रेघा मारलेली, हॉस्पिटलातल्या पलंगाच्या पायथ्याशी अडकवतात तशा चार्टची. घामाने शाई पसरायला लागली तेव्हा मुलाने नाशिकहून सांगून सांगून फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. साधं, नोंदी करायचं. आज कुठला व्यायाम केला, किती वजन, किती वेळा, हे आपण आपल्या हाताने भरायचं. वर शरीराच्या वजनाचा एक रकाना, खाली टिपणाला एक चौकोन. ते ॲप स्वतःहून एक अक्षर बोलत नाही. सिस्टरना ते फार पसंत पडलं. "चांगल्या घरातलं दिसतं," म्हणाल्या, "विचारेल तेवढंच. शहाणपणा नाही शिकवत." टिपणाच्या चौकोनात त्या ड्युटी संपताना द्यायचा असतो तसा रिपोर्ट लिहायच्या. चष्मा विसरला की फोन माझ्या हातात देत, "लिही." आणि मी दोन फेऱ्यांच्या मध्ये लिहून घ्यायची: "सहा चाळीस, स्टाफ हजर. बार पस्तीस, पाच वेळा, तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत स्टाफच्या पोटरीत गोळा आला. मीठपाणी दिलं. सात पंचवीस, स्टाफ घरी." स्वतःला त्या कायम स्टाफ म्हणत आणि मिस्टरांना पेशंट. मला ते मजेशीर वाटायचं. त्यात काही घोळ होईल असं मनातही आलं नाही.

माझं ॲप वेगळं होतं. त्यात कोच आहे, एआयवाला. तो कानात सांगतो, आज अमुक उचल, एवढ्या वेळा उचल, आता नव्वद सेकंद थांब. मला तो आवडायचा, कारण तो असला की व्यायामशाळेत कोणाला काही विचारावं लागत नाही. सिस्टरनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या कानातला एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला.

"कोण गं हा? डॉक्टर?"

"नाही, सिस्टर. एआय आहे."

"तुला बघितलंय याने?"

"नाही. मी वजन-उंची सांगितली, त्यावरून सांगतो."

"मग हाऊसमन आहे," असं म्हणून त्यांनी इअरफोन परत दिला. हाऊसमन म्हणजे हॉस्पिटलात नवे लागलेले तरुण डॉक्टर. त्यांच्याविषयी सिस्टरचं ठाम मत आहे: पुस्तक तोंडपाठ, पेशंटकडे न बघता गोळी बदलणार, पण मेहनती बिचारे. तेव्हापासून माझ्या कोचचं नाव हाऊसमन पडलं. रोज सकाळी विचारायच्या, "काय म्हणतो तुझा हाऊसमन? जेवला का?"

चार महिने होत आले आणि सिस्टर बावन्न किलोवर अडकल्या. तीन आठवडे बार बावन्नच्या पुढे जाईना. अर्धा नवरा मागे पडला होता, पाऊण अजून लांब होता, आणि मुलाचा फोन दर रविवारी यायला लागला होता. एकदा त्या बार सोडून बाकावर जाऊन बसल्या. मी स्वतःहून कोणाला काही सुचवत नाही. त्या दिवशी सुचवलं. म्हटलं, "सिस्टर, कोचला विचारून बघू या का?"

"हाऊसमनला?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फोन पुढे केला. "विचार. मरत्या पेशंटला हाऊसमन पण चालतो."

मी त्यांच्या फोनमध्ये कोच घातला, मराठीत बोलायला लावला आणि त्यांच्या जुन्या ॲपमधल्या सगळ्या नोंदी त्याच्याकडे वळवल्या. त्याने पहिला प्रश्न विचारला: तुमचं ध्येय काय? वजन कमी करणे, स्नायू वाढवणे, ताकद वाढवणे, निरोगी जीवनशैली. सिस्टरनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या. म्हणाल्या, "यात नवरा कुठाय?" शेवटी आम्ही ताकद निवडली.

पुढचे तीन आठवडे आमच्या बॅचला दुसरी करमणूक लागली नाही. सिस्टर इअरफोन घालत नाहीत, त्यामुळे कोच मोठ्याने बोलायचा आणि त्या मोठ्याने उलट बोलायच्या. तो म्हणाला, "तुमची झोप अपुरी आहे. रोज सलग आठ तास झोप घ्या." त्या म्हणाल्या, "दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायला तू येणार का?" तो म्हणाला, "आज तुमच्या शरीराला विश्रांतीची गरज आहे." त्या म्हणाल्या, "बदली स्टाफ पाठव, घेते विश्रांती." तो म्हणाला, "तुम्ही अद्भुत प्रगती करत आहात!" त्या म्हणाल्या, "गुडघा दुखतो म्हणून सांगितलं तर अद्भुत काय रे त्यात?" पण खोटं कशाला बोलू, त्याने सांगितलेलं लागू पडलं. आठवडाभर त्याने वजन उतरवायला लावलं आणि मग एकेका किलोने वर नेलं. मास्तरांनी माळ्यावरून गंजलेल्या छोट्या प्लेटा काढून दिल्या. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न. "पाऊण नवरा!" सिस्टरनी जाहीर केलं, आणि फोनकडे बघून म्हणाल्या, "हुशार आहेस. टिकशील नोकरीत."

एकच गोष्ट त्यांना लागली होती. कोच त्यांना सारखा सांगायचा की तुमच्या शरीराच्या मानाने ही ताकद अजून कमी आहे. "माझ्या शरीराच्या मानाने?" त्या स्वतःच्या दंडाकडे बघत म्हणायच्या. मलाही ते विचित्र वाटलं होतं. त्या दंडाला काठीएवढाही जाडपणा नव्हता. पण मी विचारलं नाही.

मग महिन्याचा पहिला रविवार आला, लालबागची वारी झाली, आकडा फोनमध्ये गेला. सोमवारी सकाळी सिस्टरनी बाकावर फोन ठेवून ॲप उघडलं, तर त्यातून तुतारीसारखा आवाज आला. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे पडायला लागले आणि कोच आनंदाने ओरडला, "अभिनंदन! तुम्ही तब्बल सहा किलो वजन कमी केलं आहे! तुमच्या मेहनतीचं चीज झालं! अशीच प्रगती चालू ठेवा!"

बॅचने टाळ्या वाजवल्या. "सिस्टर, पार्टी!" "काय खाता हो सिस्टर, आम्हाला पण सांगा की!" "सिस्टर, आता राहिलंय काय तुमच्यात कमी करायला!"

सिस्टर हसल्या नाहीत. फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर एक रेघ होती, डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेलेली.

"हे कोणाचं?"

"तुमचं, सिस्टर," मी म्हटलं. "वजनाच्या रकान्यात तुम्ही दर महिन्याला भरलंय ना, ते."

"ते पेशंटचं आहे."

"पण तिथे तुमचं भरायचं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खरोखरच नवल वाटल्यासारखं. "स्टाफचं वजन कोण घेतं गं?"

मग रेघेवर बोट ठेवून त्या हळूहळू वाचायला लागल्या. "चौऱ्याहत्तर. बहात्तर. सत्तर. अडुसष्ट." टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. "वॉर्डात दुसऱ्या महिन्यालाच मी डॉक्टरांना सांगितलं असतं. इथे रोज चार्ट भरत होते आणि वाचत नव्हते. वाटायचं, मिरचीचा काटा, दाखवतो इकडे तिकडे." मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "आणि खरं सांगू? प्रत्येक वेळी बरं वाटायचं. तेवढंच दोन किलो कमी उचलायचं."

त्या दिवशी बार तसाच राहिला. त्या निघाल्या आणि मी त्यांची पिशवी घेऊन मागे निघाले. का, ते सांगता येणार नाही. कोणी बोलावलं नव्हतं.

मिस्टर खुर्चीत खिडकीशी बसले होते. सिस्टरनी बूट काढायच्या आत त्यांची पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली, घोटा दाबून बघितला. "गिळताना अडकतं?" मान हलवून नाही. "पोटात दुखतं?" नाही. "मळमळ?" नाही. "मग दोन भाकऱ्या जातात कुठे?" मिस्टर खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात डोकावल्या आणि काही माहीत नसताना म्हणाल्या, "सिस्टर, ती शेपूटतुटकी मांजर बघितलीत? पिल्लं होणार वाटत होतं मला, पण नाही हो, नुसती माजलीय. तुमच्या खिडकीखालून हलत नाही मेली."

सिस्टर खिडकीपाशी गेल्या. खाली वाकून बघितलं. मग मिस्टरांकडे वळल्या. मिस्टरांनी चांगला डावा हात वर केला, आधी सिस्टरकडे बोट केलं, मग तळवा वर करून काहीतरी उचलल्यासारखं केलं, आणि ओठ एकत्र आणून फुंकर मारली. पीस उडवावं तशी. मग फार कष्टाने एक शब्द काढला. "हल... का."

सिस्टर रोज सकाळी घरी येऊन त्यांना सांगायच्या, आज तुम्ही एवढे उचलले गेलात, आता एवढे राहिलात. तो राहिलेला भाग मिस्टरांनी आपल्या बाजूने कमी करायचं ठरवलं होतं.

सिस्टर ओरडायला लागल्या. इतक्या मोठ्याने की काकू दारातून मागे सरकल्या. "मी तिकडे किलो किलो चढवतेय, आणि हा माणूस इकडून उतरतोय! कोणी सांगितलं तुम्हाला? ड्रायव्हर ना तुम्ही? स्टॉप यायच्या आधी कधी उतरलात का?" मिस्टर चेहऱ्याच्या एका बाजूने हसले. त्या हसण्याने सिस्टर आणखी चिडल्या. त्यांनी स्टोव्ह पेटवला, उभ्या उभ्या दोन भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी वाढली, खिडकी लावून घेतली आणि शेवटचा घास जाईपर्यंत त्यांच्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या. मी पिशवी धरून दारात उभी होते. निघायला हवं होतं, ते उशिरा सुचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कोच काढून टाकायला लावला. रागाने नाही. म्हणाल्या, "रेघ त्यानेच दाखवली, ते मी विसरणार नाही. पण भलत्या पेशंटसाठी टाळ्या वाजवतो तो. मला आता टाळ्या नकोत." परत ते न बोलणारं ॲप. फक्त आता दर रविवारी सगळ्या जुन्या नोंदी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायच्या, असा त्यांनी स्वतःला नियम घातला, आणि ऐकायला मी. मास्तरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस निघाले. "सिस्टर," मास्तर म्हणाले, "दोन भाकऱ्यांतली एक तुमच्या पण पोटात जाऊ दे."

सहावा महिना संपायच्या रविवारी मुलगा आला. लालबागच्या काट्याने त्या महिन्यात साडेसत्तर दाखवले होते. म्हणजे उचलायचं ओझं वाढलं होतं, आणि सिस्टर ते सगळ्यांना पेढे दिल्यासारखं सांगत होत्या. मला म्हणाल्या, "डावीकडे उभी राहा. हात लावायचा नाही." मुलगा उजवीकडे. तोही हात न लावता. सिस्टरनी पाय रोवले, मिस्टरांचा डावा हात स्वतःच्या मानेभोवती घेतला, त्यांच्या पाठीमागे आपले दोन्ही हात गुंफले आणि कानाशी काहीतरी बोलल्या. मिस्टरांनी डोळे मिटले नाहीत. ते उभे राहिले, म्हणजे त्या दोघांचं मिळून काहीतरी उभं राहिलं, वळलं, आणि खुर्चीत टेकलं. मुलगा खाली बसून खुर्चीचा ब्रेक लावत राहिला, लागलेला असूनही.

हल्ली सिस्टर व्यायामशाळेत आठवड्यातून दोनदाच येतात. बाकीच्या सकाळी त्या मिस्टरांना चाळीच्या फाटकाशी घेऊन बसतात. त्यांना रस्ता बघायचा असतो. त्या दोन दिवशी मास्तर छोट्या प्लेटा काढून ठेवतात, एरवी त्या भिंतीला टेकलेल्या असतात आणि बॅच जरा गप्प असते. मी त्या रस्त्याने जाते. परवा थांबले. सिस्टर पायरीवर बसल्या होत्या, हातात चहाचा ग्लास, काहीही न करता. मला त्यांनी सरकून जागा दिली. म्हणाल्या, "चारेक वर्षं माझे गुडघे टिकले ना, तरी पुष्कळ झालं." चार वर्षांनी त्या पासष्टच्या असतील, हे माझ्या मनात आलं. समोरून बस आली, वळणावर मंदावली. मिस्टरांनी डावा हात वर केला आणि आतल्या ड्रायव्हरने, त्यांना ओळखत असो की नसो, हॉर्न दिला.